घोडा रात्री बांधायचा कुठं?

बोर धरणावर तंबू आणि घोडेस्वारी सुरू करा, अशी मागणी सध्या आपल्याकडच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते आहे. सोबत फोटो कुठल्यातरी परदेशी तळ्याकाठचा. पांढरे तंबू, शेकोटी, बाजूला दोन तांबडे घोडे. मागणी करणारी पोरं आपलीच आहेत, सेलू-हिंगणीकडची, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. शनिवार-रविवारी नागपूरकडून गाड्या येतात. जिप्सीचं बुकिंग मिळालं तर सफारी, नाही तर सेल्फी काढायचे, भजी खायची आणि परत. गावाच्या हाताला फारसं काही लागत नाही. घोडे आले तर चार घरांची चूल पेटेल.

माझा मागणीला पाठिंबा आहे. फक्त त्या फोटोत एक गोष्ट दिसत नाही, तेवढी विचारतो. दिवसा घोडा शंभर रुपयांत चक्कर मारेल. रात्री तो बांधायचा कुठं? पाणी कुठं पाजायचं? लीद कुठं टाकायची? हसू नका. खरंच इथंच घोडं पेंड खातं.

माझा एक मामेभाऊ अमेरिकेत टेक्सासला, सॅन अँटोनियो शहरात राहतो. तिथून जवळ बँडेरा नावाचं गाव आहे आणि त्याच्या बाजूला हिल कंट्री स्टेट नॅचरल एरिया हे सरकारी रान. पाच हजार एकरांहून जास्त, आत ४० मैलांहून लांब पायवाटा. तिथं घोडेवाल्यांसाठी वेगळे मुक्कामाचे तळ ठेवलेत. लोक आपला घोडा गाडीमागच्या ट्रेलरमध्ये घालून आणतात, शेजारच्या कठड्यात बांधतात, रात्रभर राहतात, सकाळी खोगीर चढवून निघतात. भावाने घोडा भाड्याने घेतला होता, पण व्हिडिओ मात्र असा पाठवला की जसा काही पिढीजात सरदार. वर मेसेज: "दादा, हे आपल्याकडं का नाही?"

मी त्या जागेची माहिती काढली. ऐट काहीच नाही. घोड्याला पाणी आहे, माणसाला प्यायचं पाणी घरून न्यावं लागतं. घोड्याच्या रक्ताची संसर्गजन्य ॲनिमियाची तपासणी झाल्याचा कागद जवळ नसेल तर प्रवेश नाही. तुमच्या जनावराने केलेली घाण तुम्हीच उचलायची. आणि ही जमीन आली कुठून? एका पशुपालक घराण्याने आपल्या रानाचा मोठा भाग सरकारला देऊन टाकला, अट एवढीच की आधुनिक थाटामाटापासून ती लांब ठेवायची. म्हणजे भूदानच की! पवनारच्या लोकांना मी काय नवीन सांगणार.

पण भावाच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की हे आपल्याकडं होतं. त्याला पडाव म्हणत.

हा शब्द वर्धेकराला समजावून सांगावा लागू नये. १९५१ च्या सप्टेंबरात विनोबा पवनारहून पायी दिल्लीकडे निघाले, मग वर्षानुवर्षं चालतच राहिले आणि परत आले ते १९६४ मध्ये. त्या पदयात्रेत रोजच्या मुक्कामाला पडावच म्हणायचे. त्याच्याही आधी, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली त्यापूर्वी, या भागाचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. हजारो बैल, सोबत बायकापोरं, कुत्री, एखादं तट्टू. दिवसाची मजल किती हे पाणी आणि चारा ठरवायचा. विहीर, आमराई, मोकळं रान, हे जिथं एकत्र तिथं तांडा उतरायचा.

आपली भाषाच बघा. तळ ठोकणे, कूच करणे, मजल-दरमजल, मुक्काम, उतारा, पागा, दावण. घोड्याच्या खुराकाला चंदी, तोंडाला बांधायच्या पिशवीला तोबरा, पुढच्या पायाची दोरी अगाडी आणि मागच्या पायाची पिछाडी. एवढे शब्द हौसेसाठी होत नाहीत. जनावर घेऊन उघड्यावर मुक्काम करणं हा इथला रोजचा व्यवहार होता, म्हणून ते झाले. आता आपण त्यालाच कॅम्पिंग म्हणतो आणि रिसॉर्टवाल्याला रात्रीचे पाच हजार देतो.

आता ज्यांच्यामुळे मी हे लिहायला बसलो त्यांच्याकडे येतो. नाव देत नाही. वरातीला घोडी पुरवणारे एक काका आहेत, सत्तरीकडे झुकलेले. दोन पिढ्यांचा धंदा. त्यांचे वडील मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला घोडे घेऊन पायी जायचे. अडीचशे किलोमीटरच्या वर वाट. काका लहानपणी एकदा सोबत होते. रोज कुठं थांबायचं हे वडिलांना पाठ होतं. या गावची आमराई, त्या गावचा नाला, पुढच्या गावात पाटलाची विहीर. "कोणी हाकललं नाई भाऊ. उलट पोट्टे घोडे पाहाले यायचे, घरून भाकरी आणायचे." माळेगावात तर सारं रानच घोडे-गाढवं-उंटांचं गाव व्हायचं.

आता माळेगावला जायचं तर टेम्पो करावा लागतो, आणि टेम्पोच्या भाड्यात यात्रेतला नफा जातो. म्हणून काका जातच नाहीत. पण लग्नसराईत गावोगाव जावंच लागतं, आणि वीस-पंचवीस किलोमीटरसाठी टेम्पो परवडत नाही. मग घोडी पायी. वरात रात्री बारा-एकला संपते. नवरदेव उतरला की घोडीवाला कोणाचाच नसतो. मांडवाच्या बाजूला बांधू देत नाहीत, लीद होते म्हणून. गावच्या शाळेच्या पटांगणाला आता कंपाउंड आणि कुलूप. त्यामुळे त्याच रात्री परत निघायचं.

चार-पाच वर्षांपूर्वी असेच ते परत येत होते. पहाटेचे तीन वाजलेले, घोडी दमलेली. रस्त्याच्या कडेला बाभळीला बांधली, स्वतः बाजूला टॉवेल अंथरून पाठ टेकली. ट्रकचा उजेड त्यांना दिसला, आवाजही आला. घोडी जागेवर गेली नाही, तासभर तडफडली. दुसऱ्या दिवशी पंचनामा करणाऱ्याने विचारलं, "रस्त्याच्या कडेला जनावर बांधायला कोणी सांगितलं होतं?"

काका मला म्हणाले, "मंग कोठी बांधाले पाह्यजे होती, थे तरी सांगाव ना."

हा प्रश्न मी त्यांच्या वतीने घेऊन फिरतो आहे, आणि त्याचं उत्तर कायद्यात सापडलं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. त्याचं कलम २२ सांगतं की कलेक्टर सरकारी पडीक जमीन गावाच्या ठरावीक कामांसाठी राखून ठेवू शकतो. कामांची यादी दिलेली आहे. गुरांना मोफत चराई, चारा, सरपण, स्मशान, गावठाण, खळं, बाजार, आणि या सगळ्यांच्या रांगेत कॅम्पिंग ग्राउंड. होय, हाच शब्द, इंग्रजी कायद्यात. एकदा राखून ठेवली की कलेक्टरच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे बोरच्या पोरांनी जी मागणी नवी म्हणून केली, ती साठ वर्षांपासून छापील आहे.

याच कायद्यात निस्तार पत्रकाचं प्रकरण आहे, आणि ते खास विदर्भासाठी आहे, बाकी महाराष्ट्राला लागू नाही. गावातली कुणाच्या ताब्यात नसलेली जमीन कशी वापरायची, गुरं कुठं चारायची, लाकूडफाटा कुठून आणायचा, त्याची ही गावाची वही. आपल्या आजोबांना निस्तार हा शब्द माहीत होता. आज तलाठ्याकडे निस्तार पत्रक मागितलं की तो आधी तुमच्याकडे बघतो, मग कपाटाकडे.

मी सेलू तालुक्यातल्या एका गावाची वही पाहिली. गावाचं नाव आत्ता लिहीत नाही, नाही तर उद्या तिथल्या कुणाला उगाच फोन जातील. वहीत स्मशान आहे, ढोरं सोलायची जागा आहे, खळवाडी आहे, आणि पडाव आहे. लहानसा तुकडा, जुन्या बैलगाडी रस्त्याला लागून. प्रत्यक्ष जागेवर गेलो. अर्ध्यावर समाजमंदिर उभं आहे, उरलेल्यावर कुणाचं तरी कुटार आणि एक बंद पडलेला ट्रॅक्टर. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला पडाव विचारला, तर त्याने लगेच बोट दाखवलं. "इथंच उतरत जाय ना काठेवाडी." म्हणजे लोकांच्या लक्षात आहे. कागदावरही आहे. फक्त जमिनीवर नाही.

काठेवाडी म्हणजे कच्छ-काठेवाडकडून उंट, मेंढ्या, गायी घेऊन आलेले पशुपालक. कित्येक कुटुंबं पिढ्यान् पिढ्या विदर्भातच फिरताहेत. तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. लाल-काळ्या कपड्यांतल्या बाया, उंटावर बाजलं उलटं बांधलेलं, त्यात कोकरू नाही तर लेकरू. दरवर्षी यांच्यावरून भांडण होतं आणि दरवर्षी मी बातमी करतो. खरं सांगतो, शेतकऱ्याचा राग खोटा नसतो. उभ्या तुरीत कळप घुसला तर कोण ऐकून घेईल? जंगलात गेले तर वनखात्याची केस. पण तोच शेतकरी पीक निघाल्यावर पैसे देऊन, धान्य देऊन त्यांच्या मेंढ्या शेतात बसवतो, कारण लेंडीखताला तोड नाही. माणूस हवा आहे, खत हवं आहे. त्याने मधले दिवस कुठं काढावे याचा मात्र कोणी विचार करत नाही. थांबायला ठरलेली जागा नसेल तर कळप कुणाच्या ना कुणाच्या शेतात घुसणारच, त्यात त्याचीही फार चूक नाही.

एक गंमत सांगतो. जनावर कोंडायची सार्वजनिक जागा म्हणजे कोंडवाडा, त्याला इंग्रजांनी १८७१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि तो सगळ्यांना पाठ आहे. जनावराने सुखाने थांबायची जागा त्याच सरकारी कागदांत आहे, ती कोणाला आठवत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात धनगरांच्या तळावर लहान चणीचे घोडे असतात, बिऱ्हाड वाहायला. तो भीमथडीचा घोडा. मराठ्यांच्या फौजेत याची कीर्ती होती. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अगदी अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मधल्या दोनशे वर्षांत तो कोणी टिकवला? कुठल्या विद्यापीठाने नाही. भांडी-गोधड्या त्याच्या पाठीवर टाकून माळरानावर मुक्काम करणाऱ्यांनी. देशात २०१२ च्या पशुगणनेत घोडे-तट्टं सव्वासहा लाखांच्या आसपास होती, २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्या आत आली. सात वर्षांत निम्म्याच्या जवळ. यंत्रं आली हे कारण आहेच. पण उभं राहायला जागा नाही हेही कारण आहे, आणि ते यंत्राइतकं अटळ नाही.

आता अडचणी. मी अधिकारी असतो तर काय म्हणालो असतो, तेही लिहितो.

पहिली अडचण जमिनीची. आपल्या पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल नावाचं जुनं दुखणं आहे. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच समजायचं. म्हणजे गावाबाहेरचं मोकळं दिसणारं रान उचललं आणि पडाव करून टाकला, असं चालणार नाही. जागा झुडपीत नाही हे आधी बघावं लागेल. गायरान आणि गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं त्याच कोर्टाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात राज्यांना सांगितलेलं आहे. पडावाच्या नावाने नोंद असलेला तुकडा मोकळा करायला नवा कायदा लागत नाही.

दुसरी अडचण वाघाची. बोर ऑगस्ट २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांत मोडणारा, आणि तिथले वाघ गाभ्याची हद्द पाळत नाहीत हे आजूबाजूच्या गावांना मी सांगायची गरज नाही. तेव्हा आत घोड्यांची सहल हा विषयच नको. वन्यजीव कायद्याच्या कलम ३३-अ प्रमाणे अभयारण्यात लस न टोचलेलं जनावर नेता येत नाही, आणि ते बरोबर आहे. घोडे फिरवायचे तर प्रकल्पापासून लांब, दिवसाउजेडी, पांदणीवरून. पांदणीसारखी घोड्याची वाट दुसरी नाही. मऊ माती, दोन्ही बाजूंना झाडोरा, गाड्या नाहीत. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आहे, तिच्यातून रस्ते होताहेत. सगळ्यांवर खडी-मुरूम दाबून टाकण्याआधी एखादीची एक कड मातीची ठेवता आली तर बघा. नाल मारलेल्या खुराला आणि उघड्या खुरालाही खडी वाईट.

तिसरी रोगाची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण मागणीच्या मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही. घोड्यांना ग्लँडर्स होतो. तो माणसालाही लागू शकतो. घोडा बाधित निघाला तर त्याला मारावं लागतं, २००९ च्या साथरोग कायद्यात तशी तरतूद आहे. दहा ठिकाणचे घोडे एका हौदाला तोंड लावणार असतील तर तपासणीचा कागद पाहिजेच. टेक्सासवाल्यांनी प्रवेशद्वारावर कागद मागितला तो हौस म्हणून नाही. शिवाय एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो आणि तीस-चाळीस लिटर पाणी पितो, आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाच घोड्यांचा हिशेब तुम्हीच करा आणि मग एप्रिल महिन्यातल्या आपल्या हातपंपाकडे बघा.

हे सगळं शासनाला जमणार नाही, असं जे म्हणतात त्यांना मी आळंदी-पंढरपूरचा रस्ता दाखवतो. दरवर्षी लाखो माणसं, आणि माउलींचे अश्व. ते अश्व बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून पायी आळंदीला येतात, मग पालखीबरोबर पंढरपूर. वाटेवर ठरलेले पालखी तळ आहेत, नावानिशी. टँकर, दिवाबत्ती, शौचालयं, दवाखान्याची गाडी, पशुवैद्यक. रिंगणासाठी मैदान राखलेलं. महामार्ग रुंद झाला तरी तळ कुठं राहणार याची चर्चा झाली, कारण वारकरी संख्येने मोठे आहेत आणि ते विचारतात. घोडीवाले काका एकटे आहेत आणि काठेवाड्याचं मतदान कुठं आहे हे त्यालाही माहीत नसतं. फरक तेवढाच.

आपल्याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा सुरू झाला. त्यावर घोडा-बैलाला बंदी, ती असायलाच हवी. पण मग जुन्या रस्त्यांवर तरी त्यांची सोय करायची की नाही?

मला पाहिजे ते फार नाही. जिल्ह्यात सुरुवातीला एक पडाव. झुडपीबाहेरची, निस्तार पत्रकात आधीच नोंदलेली जागा, रस्त्यापासून थोडी आत. एक हातपंप किंवा सौरपंप, जनावरांसाठी लांब हौद, बांधायला खुंट्या, लिदेसाठी खड्डा, चार कडुलिंब. चौकीदार गावातलाच. महिन्यातून ठरलेल्या दिवशी पशुवैद्यक. शनिवारी-रविवारी हौशी लोकांनी पैसे भरून तिथं तंबू लावावेत आणि पांदणीवरून घोडा फिरवावा. बाकी दिवस, आणि लग्नसराईच्या रात्री तर नक्कीच, ज्याच्याकडे जनावर आहे त्याला फुकट. लीद गावच्या खताला. सिमेंटचा पुतळा आणि सेल्फी पॉइंट नको, त्यात अर्धा निधी जातो, हे मी वीस वर्षं बघतो आहे.

घोडीवाल्या काकांकडे आता एकच घोडी उरली आहे. या सिझनला ते लांबच्या सुपाऱ्या घेत नाहीत, रात्री बाराच्या आत घरी पोचता येईल एवढ्याच. मुलगा म्हणतो, विकून टाका.

ग्रामसभा पुढे आहे. तलाठ्याकडे आपल्या गावच्या निस्तार पत्रकाची प्रत मागा, लेखी मागा. पडाव, तळ, छावणी, कॅम्पिंग ग्राउंड, कुठल्याही नावाने नोंद सापडली तर गाव, तालुका आणि गट नंबर मला पाठवा, आणि आज त्या जागेवर काय आहे त्याचा फोटो. सेलू तालुक्यातलं एक झालं. आर्वी, कारंजा, आष्टी, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर आणि वर्धा बाकी आहेत. यादी झाली की कलेक्टर ऑफिसला निवेदन घेऊन जाऊ, बोरच्या पोरांनाही सोबत घेऊ. काका यायला तयार आहेत, घोडी कुठं बांधायची ते तेवढं आधी बघावं लागेल.